अराबा मॅडमची यादी

सेकोंडी बंदराजवळच्या एका तांत्रिक शाळेत अराबा बेंटसिल मोटर रिवायंडिंग, म्हणजे जळलेल्या मोटरच्या तारा नव्याने गुंडाळायचं काम, शिकवायच्या. एकतीस वर्षं शिकवलं, आणि एकतीस वर्षं वर्कशॉपमध्ये शिकवणारी बाई म्हणून त्या एकट्याच राहिल्या.

त्या स्वतः शिकत होत्या तेव्हा वर्गात त्रेचाळीस मुलगे होते आणि मुलगी त्या एकटीच. काहीही बंद पडलं की सगळ्यांच्या नजरा आधी त्यांच्याकडे वळायच्या. एकदा मेन फ्यूज उडाला त्या दिवशी त्या तापाने फणफणून घरी झोपल्या होत्या. तरी दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्यांनाच विचारलं, "काल काय उद्योग केलास गं?"

तेव्हापासून त्यांनी मनाशी पक्कं केलं की आपल्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा ठेवायची नाही. पुढे नोकरीत दोन्ही बाळंतपणं त्यांनी शाळेच्या सुट्टीत बसवली. वर्कशॉपमध्ये कधी कुणाला "जरा हात लाव रे" म्हटलं नाही. आणि शिकवायला लागल्यावर मुलींना त्यांनी तसूभरही सूट दिली नाही. उलट मुलाची चूक त्या हसून सोडून द्यायच्या, आणि तीच चूक मुलीकडून झाली की तिला सगळं वाइंडिंग उसवून पुन्हा करायला लावायच्या. त्यांच्या भल्यासाठीच करते, असं त्यांना खरोखर वाटायचं. त्यांच्या हाताखाली आलेल्या अकरा मुलींपैकी सात जणी मधूनच सोडून गेल्या.

त्यात एकुआ ओटू आली. बारीक अंगाची, कमी बोलणारी, कोळ्याची पोर. चालू मोटरला कान लावला की बेअरिंग कुठे खराब आहे ते ती सांगायची. पहिल्यांदा सगळी मुलं हसली. मोटर उघडली तेव्हा हसणं थांबलं.

दरवर्षी वीजकेंद्रातून चिठ्ठी यायची की दोन उमेदवार पाठवा. दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि पुढे पक्की नोकरी. नावं ठरवायचं काम अराबा मॅडमकडे होतं. त्या वर्षी एकुआ वर्गात पहिली होती. पण यादी लिहायच्या आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये क्वेसन सरांनी शेंगदाणे सोलता सोलता खडा टाकला, "काय मॅडम, या वेळी बाई बाईची वर्णी लावणार वाटतं!"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. रात्री कच्च्या कागदावर त्यांनी एकुआचं नाव दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. सकाळी त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या मुलांची नावं लिहिली.

एकुआला त्यांनी वर्कशॉपमध्येच बोलावून सांगितलं, "पुढच्या वर्षी पाठवते तुला. बाईने या कामात जाताना दुप्पट तयारी करून जायचं असतं."

"मॅडम, दुप्पट म्हणजे किती?" एकुआने विचारलं.

तिने चिडून विचारलं नव्हतं. आकडा कळला असता तर तेवढी तयारी ती करून आली असती. मॅडमनी तिच्यासमोरच्या उघड्या मोटरकडे बोट दाखवलं. "आधी हातातलं काम संपव," एवढंच त्या म्हणाल्या. पुढच्या सत्राला एकुआ आली नाही. मॅडमनी चौकशी केली नाही. गेलेल्यांत अजून एक, असं म्हणून हजेरीपटावर रेघ मारली.

ही गोष्ट त्यांना पुन्हा टोचली ती निवृत्तीच्या समारंभात. तोवर क्वेसन सर मुख्याध्यापक झाले होते. भाषणात ते म्हणाले, "मॅडमनी कधी, कधीही, बाई म्हणून बाईची बाजू घेतली नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमच्या हातात केकची बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. जन्मभर हेच ऐकायला आपण धडपडलो, हे त्यांना कळलं, आणि ऐकल्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्या क्वेसन सरांकडे गेल्या. "सर, अठरा वर्षांपूर्वीची ती यादी मी चुकीची लिहिली. पहिलं नाव एकुआ ओटूचं हवं होतं. कुठेतरी तशी नोंद करा."

"अहो मॅडम, ते कागद वाळवीने खाल्ले असतील. आता आराम करा की जरा!"

मग त्या मासळीबाजारात विचारत विचारत एकुआपर्यंत पोचल्या. तिचं गोठवलेल्या मासळीचं दुकान होतं. अंग भरलं होतं, आवाज चढा झाला होता. तिने मॅडमना लगेच ओळखलं, स्टूल पुसून दिलं, थंड पाणी दिलं. मागे चार जुने फ्रीझर घुमत होते. चारही तीच दुरुस्त करते, असं शेजारणीने कौतुकाने सांगितलं.

मॅडमनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. स्टाफरूमचं, हसण्याचं, रात्रीचं.

एकुआ फ्रीझरचं झाकण लावून समोर येऊन बसली. मग म्हणाली, "क्वेसन सरांचा मला कधी राग नाही आला. त्यांच्याकडून मी कसली आशाच धरली नव्हती. पण तुमच्याकडे बघून मी त्या शाळेत आले होते, मॅडम."

"संध्याकाळचे वर्ग असतात अजून," मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "मी चिठ्ठी देते. मी स्वतः येते तुझ्याबरोबर."

एकुआ हसली. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता, आणि तेच मॅडमना सोसलं नाही. "सदतीस वर्षांची झाले मी. तीन पोरं आहेत, दुकान आहे. आता कुठली चिठ्ठी घेऊन बसलात?"

"मला माफ कर," मॅडम म्हणाल्या.

एकुआने काही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पाटी घेऊन दोन बायका आल्या आणि बांगडा मासळीचा भाव विचारू लागल्या. ती उठून त्यांच्याकडे वळली. अराबा मॅडम स्टुलावरून उठून दुकानाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. मग वाटेत अडचण होतेय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या बाजूला झाल्या.