बांधलेलं इंजीन

पेडणे तालुक्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकाने मला फसवले. जुनी स्पोर्ट्स गाडी विकताना फसवले, देवाला साक्षी ठेवून फसवले, आणि तोंडातून एकही खोटा शब्द न काढता फसवले. हे शेवटचे मला सर्वांत जास्त झोंबते. खोटे बोलणाऱ्याला मी पकडतो. आयुष्यभर तेच केले आहे.

सावंतवाडीकडून मी डिचोलीला आलो तो खाणीवरच्या टिपरवर क्लीनर म्हणून. पुढे ड्रायव्हर झालो, मग एका टिपरचा मालक, मग पाचांचा. खाणी बंद पडल्या तेव्हा अर्धी डिचोली आज सुरू होतील, उद्या सुरू होतील म्हणत गाड्या दारात गंजवत बसली. मी पहिल्याच पावसाळ्याआधी माझे टिपर विकून मोकळा झालो आणि जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकायला लागलो. जीप, मोटारी, कधी एखादी पोर्तुगीज अमदानीतली फटफटी. किनाऱ्याकडे हॉटेले झाली, दिल्लीवाल्यांचे बंगले झाले. त्यांना दारात उभी करायला जुनी गाडी हवी असते.

या धंद्यात माझे भांडवल एकच, माझी नजर. डिचोलीत कोणी जुनी गाडी घ्यायला निघाला की त्याला लोक सांगत, "आधी काकांका दाखय." काका म्हणजे मी. मी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडले आणि मान हलवली की सौदा मोडे. मी त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. त्यातूनच मला गिऱ्हाईक मिळे, आणि खरे सांगायचे तर त्या मान हलवण्यात पैशापेक्षा मोठे काही मिळे.

मास्तरांच्या गाडीची बातमी मला मांद्र्याच्या एका हॉटेलवाल्याने दिली. इंग्लंडात बनलेली, हिरवी, दोनच माणसे बसतील अशी, लांब नाकाची, तारांच्या चाकांची, छत मागे दुमडणारी. गोव्यात परदेशी माल सरळ उतरत होता त्या काळात मास्तरांच्या डॉक्टर काकांनी घेतलेली. काका गेले, गाडी मास्तरांकडे आली. मी गेलो तेव्हा ती सुपारी सोलायच्या मांडवात ताडपत्रीखाली होती. ताडपत्री काढली आणि मी भाव विचारायच्या आधी तिच्या लांब नाकावरून हात फिरवला. सौदा करणाऱ्याने असे करू नये, पण केले.

अशा गाडीची किंमत करणे म्हणजे टिपरची किंमत करणे नव्हे. टिपर अजून किती वर्षे ओझे ओढेल ते बघायचे. इंजीन दुसरे टाकलेले असेल तर उलट चांगलेच, दोन पैसे जास्त द्यायचे. इथे हिशेब पालथा. कारखान्यातून निघताना जे होते त्यातले आज किती शिल्लक आहे, त्यावर भाव. रंग उडालेला चालतो, गादी फाटलेली चालते. पण जन्माचे इंजीन बदललेले असेल तर गाडी निम्म्याहूनही खाली येते. हे मला ठाऊक होते. टिपरवाला म्हणून मला ठाऊक नसेल असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो. म्हणूनच मी पहिला प्रश्न तोच केला.

"मास्तर, इंजीन?"

"बांधलेलं आहे," मास्तर म्हणाले.

आता आमच्या धंद्यात, गोव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पत्रादेवीपासून काणकोणपर्यंत कोणत्याही गॅरेजात विचारा, 'इंजीन बांधलं' म्हणजे तेच इंजीन खाली उतरवून, सुटे करून, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे नवी घालून पुन्हा उभे केले. म्हणजे जुनेच, पण ताजे. मला आणखी काय हवे होते? चालू केले तर गोड चालले. बॉनेटखाली जागा भरलेली, सगळे जिथल्या तिथे. मी मनात खूश झालो आणि चेहऱ्यावर दुखवटा आणला.

तीन खेपा घासाघीस झाली. मास्तर काही लेचेपेचे नव्हते.

"शेठ, तुम्ही गाडी मागताय की भंगार?"

"मास्तर, मांडवात कोंबडी अंडी घालीत होती तिच्या गादीवर. भंगार नको म्हणू तर काय मयूरसिंहासन म्हणू?"

"कोंबडीला पारख आहे. तुम्हाला नाही."

त्यांच्या बायकोने आतून फणसाचे गरे आणून ठेवले आणि म्हणाली, "खावा आधी. भांडान दमल्यात दोगय." शेवटी आकडा ठरला. तो मी इथे लिहीत नाही, कारण आमच्या घरात तो अजून कळलेला नाही.

ठरल्यावर मी खिशातून टॉर्च काढला आणि फडके मागितले. इंजिनाच्या अंगावर नंबर कोरलेला असतो. त्यावर रंग आणि डांबरासारखा काळा थर बसला होता. तो पुसून एकदा बघायचे, एवढेच. मास्तरांचा चेहरा बदलला. ते ओरडले नाहीत. शाळेत कॉपी करताना सापडलेल्या मुलाकडे बघावे तसे त्यांनी माझ्याकडे बघितले.

"म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"शब्दाचा प्रश्न नाही, मास्तर. ही धंद्याची रीत."

"मग आमच्या गावाचीही रीत करू. चला राखणदाराकडे. तिथे सांगतो. मग तर झालं?"

आमच्याकडच्या माणसाला पुढचे समजावून सांगायची गरज नाही. बाहेरच्याला सांगतो. राखणदार म्हणजे गावाची सीमा राखणारा देव. त्याच्या पेडावर, म्हणजे चौथऱ्यावर, नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले, त्याला साक्ष ठेवून कोणी बोलला, की त्यानंतर टॉर्च घेऊन गाडीखाली शिरणे म्हणजे मास्तरांवर नव्हे, देवावर अविश्वास दाखवणे. बँकेच्या मॅनेजरला मी दहा वेळा कागद फिरवून मागितला असता. राखणदाराला कसा मागणार? मी टॉर्च खिशात टाकला.

नारळ, केळी, विड्यांचे बंडल आणि बाटलीतला थोडा सोरो, म्हणजे दारू, घेऊन आम्ही आंब्याखालच्या पेडावर गेलो. गाऱ्हाणे घालणारा गावकर, म्हणजे गावचा मानकरी, होता; होकार द्यायला आणखी चौघे जमले. गावकराने हात जोडून सुरुवात केली.

"बा राखणदारा, सीमेच्या धन्या महाराजा!"

"व्हय महाराजा!" चौघे म्हणाले.

"आज ही गाडी ह्या तुज्या लेकराच्या हातातसून त्या परक्या लेकराच्या हातात जाता आसा..."

"व्हय महाराजा!"

"गाडी घरची. चोरीची नाय, कोणाच्या वाट्याची नाय..."

"व्हय महाराजा!"

"इंजीन बांधलेला आसा म्हणान मास्तरान सांगलां, ता खरा आसा. खोटा आसलां तर तूच बगून घे..."

"व्हय महाराजा!"

मास्तरांनी डोळे मिटून हात जोडले होते. मीही जोडले. केळी वाटली, सोरो पेडावर ओतला, उरलेला चौघांनी देवाचा प्रसाद म्हणून संपवला. मी पैसे दिले आणि छत उघडे टाकून गाडी डिचोलीला आणली. त्या संध्याकाळी बाजारात मी तीन फेऱ्या मारल्या. पाव विकणारा पोदेरसुद्धा सायकल थांबवून बघत राहिला.

नंतर विम्यासाठी किंमत करून घ्यायची म्हणून पणजीहून एक जाणकार बोलावला. पांढरे हातमोजे घालून आला. फेरी मारली, बॉनेट उघडले, मला जे करू दिले नव्हते ते त्याने केले. फडक्याने नंबर पुसला. मग हळूच हसला.

"काका, हे टॅक्सीचं इंजीन आहे."

"काय?"

"आपल्याकडे पूर्वी काळ्या-पिवळ्या टॅक्स्या होत्या ना, त्यातलं. जात एकच, म्हणून नीट बसलंय. पण हे या गाडीचं नाही."

मग त्याने किंमत सांगितली. मी दिलेल्या पैशांच्या तिसऱ्या हिश्शाला पोहोचत नव्हती. वर म्हणाला, "विकायची असेल तर या भावात मी घेतो. तुमची डोकेदुखी कमी." त्याला हाकलून मी तसाच पेडण्याला गेलो.

मास्तर सोप्यावर वर्तमानपत्र वाचत होते. पणजीच्या हातमोजेवाल्याने काय सांगितले ते मी उंबऱ्यावरूनच ओरडून सांगितले. काय काय बोललो ते छापण्यासारखे नाही. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"मी काय खोटं बोललो ते सांगा."

"इंजीन बांधलेलं म्हणालात!"

"बांधलेलंच आहे. जुनं नादुरुस्त झालं. दुसरं आणून बांधलं. बांधणे म्हणजे जोडणे, आवळणे, पक्कं करणे. खुंट्याला बैल बांधला म्हणजे तोच बैल पुन्हा घडवला असा अर्थ होतो का?"

पंचवीस-तीस वर्षे पोरांना व्याकरण शिकवलेला माणूस. मी खाणीत टिपर हाकीत होतो तेव्हा हा शब्दांना धार लावीत होता.

"आणि जुनं कुठे आहे?"

"ते तर तुमच्या त्या हातमोजेवाल्यानेच नेलं. त्याला हवं होतं, मी दिलं. गाडीही मागत होता, पण फुकटच्या भावात. म्हटलं, नको, खरा गिऱ्हाईक येईल."

खरा गिऱ्हाईक! मी त्यांच्या सोप्यावरून उतरलो आणि थेट पणजीचा रस्ता धरला.

पणजीवाल्याला गाठले. त्याने नाकारलेही नाही. "हो, माझ्याकडे आहे. दुरुस्त करून ठेवलंय. गाडी मला द्या, जोडी जुळेल." मी म्हटले, मग त्या दिवशी माझ्या अंगणात उभा राहून बोलला का नाहीस? "काका, तुम्ही विचारलं नाही."

आता वाचणाऱ्याला वाटेल मी त्याच्यावर जास्त चिडलो असेन. नाही. तो धंदेवाला आहे. समोरच्याची अडचण बघून भाव पाडणे मीही केले आहे, पुढेही करीन. त्याच्या आणि माझ्यामध्ये देव नव्हता. फडके होते, नंबर होता, ज्याची नजर चालली त्याची. त्याला मी गाडी देणार नाही, तो मला इंजीन देणार नाही, आणि आम्ही दोघे म्हातारे होईपर्यंत एकमेकांची वाट बघू. त्यात मला लाज वाटत नाही. मास्तरांनी मात्र मला नजर चालवायची बंदी केली. देवाला पुढे करून माझ्या हातातला टॉर्च खिशात टाकायला लावला. तो धंदा नव्हे.

मी त्या गावकराकडेही गेलो. तो शेणी थापलेल्या भिंतीला टेकून विडी ओढत होता.

"तुमका म्हायत होतां?"

"म्हायत म्हणजे? जुना इंजीन टेम्पोत चढयला तेवां आमीच हात लायला. किते जड, माय गे!"

"आणि तरी व्हय महाराजा म्हणालात?"

तो माझ्याकडे अचंब्याने बघायला लागला. "पात्रांव, आमी व्हय महाराजा म्हणतो. त्याचो अर्थ कोण बगता? आणि मास्तरान खोटा खंय सांगलान?"

पाच माणसांना ठाऊक होते. गाऱ्हाण्याच्या वेळी एकानेही मान वर करून माझ्याकडे बघितले नाही.

डिचोलीत बातमी माझ्याआधी पोहोचली. दुसऱ्याच दिवशी चहाच्या गाड्यावर एकाने विचारले, "काका, म्हापश्याक कितके घेतात? मीटरान की ठरवून?" दुसरा म्हणाला, "वयर पिवळो रंग मारा, धंदो जाता." मी त्याचा कप रस्त्यावर भिरकावला. त्याने हसू थांबले नाही, फक्त माझ्यासमोरचे थांबले. हसू मी सोसले असते. पण गेल्या महिन्यात माझा स्वतःचा जावई सांखळीला जुनी जीप बघायला गेला, आणि सोबत कोणा दुसऱ्याला घेऊन गेला. जीप घेतल्यानंतर मला कळले. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुमका त्रास कशाला म्हणान नाय सांगलां." त्रास! इतक्या वर्षांत मला कोणी गाडी दाखवून त्रास दिला नव्हता.

बायको म्हणते सोडा. देवस्थानच्या कमिटीकडे गेलो, तर ते म्हणतात राखणदार बघून घेईल. मी म्हटले, राखणदाराला कशाला त्रास देता? तो दगड होऊन बसला आहे, त्याने ऐकले ते शब्द खरे होते, तो तरी काय करणार? मला पैसे परत नकोत. गाडी परत देणार नाही, ती मला आवडते, टॅक्सीच्या इंजिनासकट आवडते. मला मास्तरांकडून जबाब हवा, आणि तो त्यांच्या सोप्यावर नको. डिचोलीच्या बाजारात, त्या चहाच्या गाड्यासमोर, माझ्या जावयाच्या देखत हवा.

मास्तर, तुमचा शब्दकोश घरी ठेवा. तुम्ही 'बांधलेलं' म्हणालात तेव्हा मी त्याचा कोणता अर्थ घेतो आहे, हे तुम्हाला ठाऊक होते की नव्हते? होय की नाही, एवढेच सांगा.