पेरूवाली बाई

अगं पोरी, जवळ सरक. का येत न्हाईस गं इतके दिवस? शिरूरला अपंग पोरांची सरकारी कामं करून देणारी एक बाई हाय, तिच्यावर मी लई जळते. माझ्या नातीला अठरा वर्सं भरली, बालसंगोपनाची सरकारी मदत थांबली. आता निराधारचा पगार चालू करायचा, म्हणून बाईनं आमाला तहसीलात नेलं. साहेबानं नातीला नाव विचारलं. ती अडखळत बोलते, म्हणून नेहमीसारखं मीच तोंड उघडलं. बाईनं पिशवीतून पेरू काढून माझ्या हातात ठेवला.

"आजी, तुमी खावा. तिचं ती सांगंल."

बाई घाई करत न्हाई, नुसती मान हलवत थांबते. नातीनं नाव सांगितलं, गावासकट!

आता रविवारी बाई आली की तिच्या नि नातीच्या गप्पा सरत न्हाईत. तू ये की गं रविवारी, माझ्याशी बोलायला. येताना पेरू मात्र आणू नको.