खैऱ्या पडलेली लिंबं

राहुरीकडच्या ख्रिस्ती मंडळीत यशया भिंगारदिवे यांना कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे बुवाच म्हणत. कृषी विद्यापीठाच्या फळबागेत मजूर म्हणून लागले आणि मजूर म्हणूनच निवृत्त झाले. पण चर्चमध्ये कीर्तनाला उभे राहिले की शिकले-सवरलेलेही मांडी घालून ऐकत. आवाज गोड होता म्हणावं, तर तसंही नाही, चांगलाच घोगरा होता. गोष्ट मात्र अशी सांगत, की बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकातली माणसं आपल्याच शिवारातली वाटावीत. त्यांच्या कीर्तनात नोहाचं तारू मुळा धरणाच्या पाण्यावर तरंगायचं आणि आदाम काम चुकवून बांधावर बसलेला सापडायचा.

त्यांच्या मागं पेटीवर जोएल असे. बुवांहून वीस वर्षांनी लहान. बुवांनी वाक्य अर्धवट सोडावं आणि जोएलनं ते सुरात पुरं करावं, असं बावीस वर्षं चाललेलं. बुवा त्याला धाकटा भाऊ मानत, आणि तसं चारचौघांत सांगतही.

नऊ वर्षांपूर्वी कापणीचा सण होता. या सणाला ज्यानं त्यानं आपल्या रानातलं पीक आणून वेदीपुढं ठेवायचं, मग उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव व्हायचा. त्या वर्षी जोएल आणि त्याची बायको मेरी यांनी लिंबांची पाटी आणली. लिंबांवर खैऱ्या रोगाचे तपकिरी डाग होते. सगळी बागच तशी आलेली, दुसरं आणणार काय? पुढं पंधरा दिवसांत त्यांची पाच वर्षांची सिल्व्हिया डेंग्यूनं गेली. मातीला आलेल्या, मंडळीतल्याच लंकाबाईनं तिथंच तोंड सोडलं, "देवापुढं डागी लिंबं ठिवली. काईनानं असंच केल्तं." बाईची जीभ ती, तिला हाड कुठलं! पण ते बोलणं घरोघर पोचलं आणि मेरीनं चर्चमध्ये यायचं बंद केलं.

बुवांचं डोकं फिरलं. आठ दिवस ते काईन आणि हाबेल यांचा अध्याय उघडून बसले. दोघा भावांनी देवापुढं अर्पण आणलं, देवानं हाबेलाचं घेतलं, काईनाचं नाकारलं आणि काईनानं भावाचा जीव घेतला, तो अध्याय. रविवारी कीर्तनाला उभे राहिले आणि भरल्या सभेला म्हणाले, "काईनाचं अर्पन सडकं हुतं, असं कुठं लिवलंय ते दाखवा मला. लहानपनापासून ऐकत आलो, म्हनून लिवलंय असं वाटतं. देवानं एकाचं घेतलं, दुसऱ्याचं न्हाई घेतलं. का, ते सांगितलं न्हाई. खैऱ्या पावसापान्यानं येतो, मानसाच्या मनातनं येत न्हाई. मी जन्म काढलाय बागंत. ज्याचं नाकारलं, त्याच्यापाशी देव सोता येऊन बोलतो, त्याची ही गोष्ट हाय."

मेरी त्या दिवशी दाराबाहेर उभी राहून ऐकत होती. पुढच्या रविवारी आत आली. लंकाबाईनंच सरकून तिला जागा दिली. जोएल बुवांचा हात धरून ढसाढसा रडला, "दादा, तुमी आमाला पुन्हा मानसात आनलं."

यंदा बुवांनी तेच कीर्तन पुन्हा केलं, ते कुणीतरी मोबाईलवर काढून इकडंतिकडं धाडलं आणि मंडळीच्या पंचांनी बुवांना बोलावून घेतलं. देव कारण न देता नाकारतो म्हणजे देव अन्यायी, असंच तुम्ही शिकवता ना, म्हणाले. बुवा जराही घाबरले नाहीत. जोएल शेजारीच होता. "त्याला विचारा. त्याच्या घरासाठीच हा अर्थ लावला मी," म्हणाले.

जोएल खाली बघत म्हणाला, "मी आपला पेटी वाजवतो. अर्थ त्यांचा. मी दोनदा सांगितलं हुतं त्यांना, असलं बोलू नका म्हनून."

असं त्यानं कधी म्हणजे कधीच सांगितलं नव्हतं. त्याच बैठकीत पंचांनी बुवांना सभेत बोलायची बंदी केली, यंदाच्या सणाचं कीर्तन जोएलला दिलं आणि त्यानं ते घेतलं. एकदा नाही म्हणायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

सणाला बुवा गेले. तिसऱ्या ओळीत हाताची घडी घालून बसले. याची गाडी आज अडखळावी, एवढीच त्यांची मनोमन इच्छा. पण जोएल अडखळला नाही. काईनापाशी आला, आवाज चढवला आणि म्हणाला, "ज्याचं अर्पण देव नाकारतो, त्याच्यात खोट असतेच!" पुढची काही माणसं मान डोलवू लागली. बायकांच्या बाजूला माना वळल्या. बुवा मात्र वेदीकडंच बघत राहिले.

उपासना सुटली, अंगणात लिलाव सुरू झाला. बुवा चप्पल शोधत होते, तेव्हा मेरी त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली.

"दादा, एक विचारू? खोट हुती का वो आमच्यात?"

"न्हाई, पोरी. नव्हती." आणि मग बुवांना राहवलं नाही. बैठकीत काय झालं, जोएलनं कसे कानावर हात ठेवले, खोटं कसं बोलला, सगळं त्यांनी तिच्यापुढं ओतलं. महिनाभर गिळलेलं होतं. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं. "धाकटा भाऊ म्हनलो मी त्याला. त्यानं माझा गळा कापला, मेरी."

मेरीनं सगळं ऐकून घेतलं.

"त्यांचं मला कळलंच आज. पन तुमी?" ती म्हणाली. "ते बोलले तवा समद्या बाया माझ्याकडं बघत हुत्या. तुमी तिसऱ्या वळीत बसला हुता. तुमी का न्हाई उठला?"

"अगं, पंचांनी मला बोलायची बंदी..."

"नऊ वर्सांमागं कुनी बोला म्हनलं हुतं?"

बुवांकडं उत्तर होतं, पण ते सांगण्याजोगं नव्हतं. जोएलचं नाक कापलं जातंय का, हे बघायला ते आले होते. त्या तासाभरात मेरी सभेत आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मेरीनं पदर डोक्यावरून घेतला आणि लिलावाच्या गर्दीतून वाट काढत ती फाटकाबाहेर गेली.