सुळक्यापर्यंतचे थांबे

अंदमानच्या समुद्रात, पाठीवर हवेची भरलेली टाकी आणि तोंडात तिची नळी असताना, मी श्वास रोखून धरला.

यात काकांचा थोडा हात आहे. आमच्या गावी, करकंबला, मळ्यातल्या विहिरीत मला त्यांनीच ढकललं आणि त्यांनीच शिकवलं, पाण्यात शिरायचं ते छाती भरून, गाल फुगवून. त्या जोरावर मी बुडालेल्या कितीतरी घागरी वर काढल्या. पन्नाशी उलटली तरी ही गोष्ट मी कुणालाही सांगतो, विचारलेली नसली तरी. त्यामुळे अंदमानला निघताना अख्ख्या करकंबात सांगून आलो होतो, समुद्राच्या पोटातला डोंगर बघून येतो म्हणून.

डोंगर म्हणजे तळातून उठलेला प्रवाळाचा सुळका. माथासुद्धा पाण्याच्या बराच खाली. आधीचे दोन दिवस किनाऱ्यालगत शिकवणी झाली. श्वास कधीही रोखायचा नाही, वर येताना फुप्फुसाला इजा होते, हे शिकवणाऱ्या मुलीनं दहादा सांगितलं. मी दहादा मान हलवली. उथळ पाण्यात जमलंही. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी नावेच्या नांगराची दोरी धरून उतरताना मात्र पायांखाली नुसता निळा काळोख दिसला आणि मला विहीर आठवली. गाल फुगले, छाती भरली आणि मी फुग्यासारखा वर निघालो. मुलीनं घोटा पकडला, समोर येऊन छातीवर बोटं आपटली, श्वास सोडायला लावला आणि हळूहळू वर आणून नावेत बसवलं.

बायको मात्र दुसऱ्या प्रशिक्षकाबरोबर खाली गेली. ती पोहायला शिकली पंचेचाळिसाव्या वर्षी, जुळे सोलापूर भागातल्या पोहण्याच्या तलावावर, गुडघेदुखीसाठी. त्या पोहण्याला मी 'पाण्यातली शतपावली' म्हणायचो. ती वर आली तेव्हा कपाळावर पाण्यातल्या चष्म्याचा वळ होता.

"कसं होतं?" मी विचारलं.

"मोठं होतं," ती म्हणाली. ती पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवते. तिच्याकडे एवढेच शब्द उरले होते, म्हणजे मला ते बघायलाच हवं होतं.

दुपारी त्याच जागी शेवटची उडी होती. शिकवणारी मुलगी म्हणाली, "अंकल, फिर साँस रोकी तो नाव में ही बैठोगे."

बायको म्हणाली, "अहो, घरी तुमचं तोंड कधी मिटतं का? खालीही बोलत राहा. बोलणाऱ्याला श्वास रोखता येत नाही."

मुलगी हसली, पण तिनं मान डोलावली.

खाली उतरायला लागल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मला काय बोलावं ते सुचेना. मग कॉलेजात असतानाची, शनिवारी गावी नेणारी एसटी आठवली. श्वास घेतला आणि नळीत कंडक्टरसारखा ओरडलो, "सोलापूर!" बुडबुडे सुटले. पुन्हा श्वास. "बाळे!" मग मोहोळ. शेटफळला कान दुखले, ते नाक दाबून मोकळे केले. मोडनिंबला बाजूनं भाकरीएवढे चपटे मासे सावकाश गेले. आणि करकंबला सुळक्याचा माथा माझ्या गुडघ्याखाली होता, जांभळ्या-पिवळ्या प्रवाळानं भरलेला. कडेला रेडकाएवढा एक मासा मला फारसं महत्त्व न देता तरंगत होता. शेजारी बायको, हात पोटाशी बांधून, अगदी स्थिर. तिनं माझ्याकडे बघून हात लांब केला आणि कडा दाखवला, जणू तिच्याच माहेरचा. अभिमानानं माझी छाती इतकी भरून आली, की पुन्हा वर जायची वेळ आली. घाईघाईनं परतीची गाडी सुरू केली, "मोडनिंब!"

गावी गेल्यावर काकांना सगळं सांगितलं, थांब्यांसकट. बायकोनं प्रशिक्षकानं खाली काढलेला फोटो मोबाइलवर दाखवला, सुळका आणि त्यावर आडवा मी. काकांनी तो लांब धरून, जवळ धरून बघितला. "सूनबाई लई धीराची," म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"आन् तू? श्वास घ्यायला शिकाय इतक्या लांब गेलतास व्हय?"