काठोकाठ भरलेला प्याला

मार्गिलान शहरातल्या मोठ्या बागेत चिनाराखाली तुर्दियालीचा चहाखाना होता. तुर्दियालीला विचाराल, तर चहाखान्याभोवती बाग होती. आकाशपाळणा, झुले, घोडे हे सगळं लोकांना तहान लागावी म्हणून उभं केलंय, असं तो तोंडावर सांगायचा. माणूस गोल, मिशी टोकदार, आणि आपल्या हातचा चहा प्यायल्याशिवाय या शहरात कुणाची सोयरीक जमत नाही अशी पक्की समजूत.

यंदा बागेचं रूप पालटायला घेतलं. तुर्कस्तानातले कुणी नेजात बे पैसे घालणार होते आणि बागेची ‘अजगरनगरी’ होणार होती. मटणाचे सोमसे, म्हणजे तिथले समोसे, भाजायचा तंदूर गेला, तिथे अजगराचा जबडा आला. आत शिरलं की जिभेवर टेबलं आणि बर्गर. कबाबवाल्याला डोळ्यावर काळी पट्टी बांधून समुद्री चाच्यांच्या जहाजावर चढवलं. एका डोळ्याने त्याला कबाब कच्चा की करपलेला ते कळेना. राहिला चहाखाना. नकाशात त्या जागी सरबतांचा किल्ला काढला होता.

“तुर्दियाली आका, शुक्रवारी नेजात बे येतायत,” व्यवस्थापक बारचिन म्हणाली. ती त्याच्याच गल्लीतली, लहानपणी त्याच्या मांडीवर बसून खडीसाखर खाल्लेली. “चहाखान्याचं तेच ठरवणार. तुम्ही फक्त नीट वागा.”

“मी कधी वाईट वागलो गं पोरी?”

“काल इंजिनिअरला गाढव म्हणालात.”

“त्याने गरम चहात बर्फ मागितला. गाढवाने मागितला नसता.”

शुक्रवारी नेजात बे आले, चिनाराखालच्या बाजेवर बसले, आणि बसल्या बसल्या त्यांनी खिशातून मापाची फीत काढून किल्ल्यासाठी जागा मोजायला घेतली. तुर्दियालीचं डोकं फिरलं. त्याने किटली उचलली आणि प्याला काठोकाठ भरून त्यांच्यापुढे आदळला.

कोपऱ्यातल्या सोतवोल्दीच्या हातची रोटी गळाली. तुर्दियालीचा हा जिवलग मित्र रोज त्याच कोपऱ्यात बसे. बारचिनचा चेहरा पांढराफटक पडला. मार्गिलानमध्ये प्याल्यात तळाशी दोन घोट ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतं आणि पाहुणा बसून राहतो. भरलेला प्याला म्हणजे पी आणि चालायला लाग.

नेजात बे मात्र खुलले. “या गावात जिथे गेलो तिथे तळाशी दोन थेंब. मला वाटलं, चहाची टंचाई आहे. मोठ्या मनाचा माणूस आज भेटला.”

तुर्दियालीने चिडून पुन्हा भरला, इतका की चहा बाजेवर सांडला. नेजात बे म्हणाले, “वा.”

किल्ला अजगराच्या शेपटीकडे गेला, चहाखाना राहिला. अट एकच, प्रत्येकाला असाच प्याला. तशी पाटीही लागली: ‘इथे प्याला भरूनच मिळेल’. हा तुम्हाला हाकलत होता, हे साहेबांना बारचिन कुठल्या तोंडाने सांगणार?

गावाने पाटी वाचली. म्हातारे यायचे, वाचायचे, दाढी कुरवाळत परत फिरायचे. चहाखाना वाचला, पण त्यात बसायला कुणी उरलं नाही. सोतवोल्दीचा रिकामा कोपरा तुर्दियाली रोज झाडून ठेवायचा. शेवटी मिशी खाली घालून तो मित्राच्या दारात गेला.

“घरून बोलावून हाकलणार होय?” सोतवोल्दी म्हणाला.

“अरे, ये तर खरा.”

सोतवोल्दी आला आणि नेमके त्याच दिवशी नेजात बेही आले. त्यांना नेहमीसारखा काठोकाठ प्याला मिळाला. मग तुर्दियालीने मित्राचा प्याला भरला, तोही काठोकाठ. सोतवोल्दीने निरोपादाखल छातीवर हात ठेवला आणि तो उठायला लागला.

तोच तुर्दियालीने प्याला किटलीत परत ओतला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. चहा मुरावा म्हणून घरोघरी हे करतातच, फक्त असं काठापर्यंत भरून कुणी करत नाही. शेवटी त्याने तळाशी दोन घोट ओतले आणि डावा हात छातीवर ठेवून प्याला मित्रापुढे धरला.

“हे काय?” नेजात बे म्हणाले.

“पाटीवर भरायचा लिहिलंय, भरला. भरलेलाच ठेवायचा असं कुठे लिहिलंय?”

नेजात बेंनी सोतवोल्दीचा प्याला पाहिला, मग आपला. हळूहळू त्यांचे कान लाल झाले.

“मग त्या दिवशी मला भरून का दिलास?”

बारचिनने डोळे मिटून घेतले.

“त्या दिवशी तुम्ही फीत घेऊन आला होता,” तुर्दियाली म्हणाला. त्याने साहेबांचा न उष्टावलेला प्याला उचलून किटलीत ओतला, तळाशी दोन घोट घातले आणि डावा हात छातीवर ठेवला. “आज पाहुणे म्हणून बसा.”

नेजात बेंनी दोन घोट घेतले. प्याला पुढे केला. पुन्हा घेतले, पुन्हा केला. अजगराच्या डोळ्यांतले दिवे लागले तरी ते हलेनात.

“तुर्दियाली,” सोतवोल्दी कुजबुजला, “हा माझ्या कोपऱ्यात सरकतोय. याला एक भरून दे रे.”