ओनुमाचा गुडघा

ओनुमा-सान दार दिसलं की वाकायचा. दार केवढंही उंच असो. मी जपानात इचिकावाला मुलाकडे राहायला आलो, तेव्हा इमारतीच्या लिफ्टमधून हा ताडमाड माणूस वाकून बाहेर पडला. मला वाटलं, मलाच नमस्कार करतोय. इथले लोक वाकतातच. मीही वाकलो. कितीतरी दिवस आमचं असं वाकणं चाललं होतं. शेवटी सून म्हणाली, "बाबा, डोकं आपटू नये म्हणून वाकतात ते. बास्केटबॉलचे फार मोठे खेळाडू आहेत."

जपानात बास्केटबॉलचा मोठा खेळाडू म्हणजे आपल्याकडचा खो-खोचा. कपाटभर चषक, आणि स्टेशनवर कुणी ढुंकून बघत नाही. तो एका कंपनीच्या संघात होता. कंपनीने संघ बंद केला आणि त्याला ऑफिसात टेबल-खुर्ची देऊ केली. त्या दिवसांत आपली पोरं तसल्याच खुर्चीसाठी पुण्याहून उडत येत होती. या शहाण्याने ती लाथाडली, आणि गुडघा झिजलेला असताना एका नव्या क्लबात पगारी खेळाडू झाला.

"मो इप्पोन," हे त्याचं पालुपद. म्हणजे अजून एक. गुडघ्याला बर्फ बांधून इमारतीमागे एकटाच चेंडू टाकत राहायचा. माझा जन्म ट्रकचे टायर बदलण्यात गेला. मी म्हणायचो, "अरे, गुळगुळीत टायर घेऊन घाट चढतोस होय? बस की गप!" स्नेहा, म्हणजे सून, त्याला जपानीत सांगायची. तो हसून म्हणायचा, "मो इप्पोन, आजोबा."

हिवाळ्यात त्याचा सामना बघायला गेलो. उडाला, खाली आला, तो उठलाच नाही. टाळ्या मात्र काय शिस्तीत पडल्या! डॉक्टरने खेळ कायमचा बंद केला.

मग एक दिवस कुबड्या घेऊन घरी आला. चहा तसाच ठेवून स्नेहाला काहीतरी म्हणाला. ती माझ्याकडे बघायला लागली.

"काय म्हणतोय?"

"विचारतायत... आई गेल्यापासून तुम्ही दिवसभर काय करता?"

माझ्या मुलाने हे कधी विचारलं नाही. हा लंगडा विचारतो!

"सांग, काही करत नाही. जन्मभर तिच्याशी भांडलो. आता सुनेवर भागवतो. उद्यापासून येतोस का भांडायला, विचार."

आला. रोज. टीव्हीवर सामना लावायचा, मी मराठीत, तो जपानीत. "एवढे आडदांड मिळून एक चेंडू भोकात टाकणार, आणि याला कामधंदा म्हणायचं?" तो हातवारे करून तावातावाने उत्तर द्यायचा. स्नेहाने भाषांतर सोडून दिलं. आमचं काही अडलं नाही.

वसंतात कोबेच्या एका शाळेने त्याला मुलांना शिकवायला बोलावलं. निरोपाला दारात उभा राहिला. मी म्हणालो, "जा बाबा. घरात जरा शांतता होईल."

मी बोललो एवढंच. स्नेहा मात्र बराच वेळ जपानीत बोलत होती. ओनुमाने माझा हात धरला, तो सोडेचना.

तो गेल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

"तुम्ही म्हणालात तेच, बाबा."

धडधडीत खोटं. अगदी सासूवर गेली आहे.