एआयची मंगलाष्टकं

माझ्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आत अक्षता संपल्या.

दोष माझाच. घरातल्या प्रत्येक लग्नात नातेवाइकांची नावं गुंफून मी एक मंगलाष्टक रचतो. (मी उल्हासनगरच्या कॉलेजात अकाउंट्स शिकवतो. कवी नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण मामाला नाही कोण म्हणणार?) मागच्या लग्नात पालेगावच्या आत्याचं नाव राहिलं, तेव्हापासून तिनं आमच्या बेलवलीच्या घरात पाऊल टाकलेलं नाही! त्यामुळे धाकट्या बहिणीनं, म्हणजे नवरीच्या आईनं, आधीच दम भरला, "दादा, या वेळी एकही माणूस सुटता कामा नये हं! आत्या येतेय हेच नशीब."

नेमका त्याच सुमारास कॉलेजनं आम्हाला चॅटबॉट दिला. (मुलांनी तो कुठे वापरू नये, हे ठरवणाऱ्या कमिटीवर मीच!) म्हटलं, बघू तरी. नावं सांगितली, कोण काय करतं ते सांगितलं आणि अहो, काय सांगू! डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अस्सल शार्दूलविक्रीडित!

'आत्यांचा चिवडा मुखात विरतो, कुर्यात् सदा मंगलम्!'

अंगावर काटा आला हो! गण मोजून पाहिले, कुठे तसूभरही चूक नाही. मग मला चेव चढला. व्याही, व्याह्यांचे मावसभाऊ, हॉलचा मॅनेजर... मी नाव सांगावं आणि त्यानं कडवं द्यावं!

लग्नात माईक हाती घेतला. सुरुवातीला वाहवा झाली. मग लोकांच्या अक्षता संपल्या. मागच्या रांगा नुसत्याच मुठी उडवू लागल्या. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून इतके खाली आले, की नवरानवरी एकमेकांना बघून खुदकन हसली!

"सर, आवरा! मुहूर्त टळेल!" गुरुजी कळवळले.

"दादा, थांबलास तर बघ! शेवटचं आत्याचं कडवं अजून राहिलंय!" बहीण दातओठ खात म्हणाली.

इकडे आड, तिकडे विहीर! मधल्यांना गाळावं तर ते रुसणार. शेवटी श्वास न घेता सुसाट सुटलो आणि आत्याचा चिवडा गाठला. आत्यानं पदर डोळ्यांना लावला. गुरुजींनी माझ्या हातातला माईक हिसकावून 'तदेव लग्नम्' म्हटलं. मुहूर्त साधला बाबा एकदाचा!

जेवताना आत्या स्वतः माझ्या पानाशी आली. "मेल्या, एवढं सुचलं कसं रे तुला?"

"सुचतं गं आपोआप," मी विनयानं म्हणालो.

तेवढ्यात जिलेबी वाढत आमची सौभाग्यवती शुभांगी आली. गेला महिनाभर रुखवत तिनंच केलं होतं.

"सगळं तुम्हालाच सुचलं ना? मग त्यात मी कुठंय?"

मी सारवासारव करू लागलो. "अगं, खरं म्हणजे ते... एआयनं लिहिलंय."

"आणि नावं कोणी सांगितली?"

हॉलचा मॅनेजर होता. बायको नव्हती!

तिथल्या तिथे खिशातून मोबाईल काढला आणि घाईघाईनं लिहिलं, 'माझ्या बायकोवर एक सुंदर कडवं दे.'

लगेच उत्तर आलं. 'नक्की! आधी त्यांचं नाव आणि या लग्नासाठी त्यांनी काय काय केलं, ते सांगाल का?'

शुभांगीनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि जिलेबीचं ताट तसंच पुढे नेत म्हणाली, "बघा! त्याला निदान विचारायचं तरी सुचलं!"